नजर तपासणीची जाहिरात करताय? मग पोस्टर सगळ्यात शेवटी

नजर तपासायला या म्हणून सांगणाऱ्या मोहिमा फसतात त्या बहुतेक वेळा जाहिरात वाईट असते म्हणून नाही, क्रम उलटा असतो म्हणून. कुणीतरी म्हणतं जागृती करूया, लगेच डिझायनरला फोन जातो, डोळ्याचं मोठ्ठं चित्र येतं, खाली "डोळे अनमोल आहेत" वगैरे, आणि पोस्टरं छापून आल्यावर कुणीतरी विचारतं की अरे पण लोकांनी जायचं कुठे? मी स्वतः हा घोळ केलाय. शनिवारी संध्याकाळी रेडिओवर स्पॉट वाजवला, लोकांनी लगेच फोन केले, आणि फोन उचलायला होतं कोण तर कुणीच नाही, सोमवारी सकाळपर्यंत ऑफिस बंद. सोमवारी उलटे फोन केले तेव्हा अर्धे जण म्हणाले, "हो का, बघू पुढच्या महिन्यात."

म्हणून खालचा क्रम. पोस्टर त्यात बरंच खाली आहे.

टप्पा १: आधी तपासणारे हात मोजा

एका माणसाला १० मिनिटं धरा. नाव लिहायचं, एकेक डोळा झाकून तक्ता वाचून घ्यायचा, जवळचं वाचन बघायचं, पुढे काय करायचं ते सांगायचं, एवढं सगळं त्यात आलं. म्हणजे तासाला ६ आणि ६ तासांचे ३६, पण प्रत्यक्षात ३० च धरा कारण कुणी वयस्कर असतं, कुणाला ऐकू कमी येतं, कुणी जुने चार चष्मे पिशवीतून काढून दाखवत बसतं. दोन तपासणारे असतील तर दिवसाला ६०. आता जाहिरातीने ४०० माणसं एका सकाळी आणली तर ते यश नाही, त्यातले सव्वातीनशेपेक्षा जास्त लोक रांगेतून परत जाणार आणि घरी जाऊन सांगणार की तिथे जाऊ नका.

दुसरं, तपासून झाल्यावर काय? नंबर निघाला तर चष्मा कुठे मिळणार, किती दिवसांनी मिळणार, मोतीबिंदू किंवा काचबिंदूचा संशय आला तर कुठल्या डॉक्टरकडे पाठवणार आणि तिकडे त्या डॉक्टरला माहीत आहे का की तुम्ही माणसं पाठवताय. हे ठरलेलं नसेल तर इथेच थांबा. तपासून "तुम्हाला त्रास आहे" एवढं सांगून सोडून देणं हे न तपासण्यापेक्षा वाईट, माणूस नुसता घाबरून घरी जातो.

तपासा: रोजची क्षमता किती, फोन कोण उचलणार आणि कोणत्या वेळेत, पुढे पाठवायची जागा कोणती. तिन्ही उत्तरं कागदावर लिहिलेली हवीत, "होईल काहीतरी" चालणार नाही.

टप्पा २: एकच गट निवडा

"सर्वांनी डोळे तपासा" हे वाक्य कुणालाच लागू पडत नाही, प्रत्येकाला वाटतं हे शेजाऱ्यासाठी आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या दृष्टीविषयक अहवालात किमान २२० कोटी लोकांना जवळची किंवा लांबची नजर कमी असल्याचं म्हटलंय, आणि त्यातल्या किमान १०० कोटींचा त्रास टाळता आला असता किंवा त्यावर अजून उपाय झालेला नाही. या १०० कोटींत सगळ्यात मोठा वाटा कुणाचा, तर चाळिशी लागलेल्यांचा, ८२ कोटींच्या वर. म्हणजे ज्यांना फक्त जवळचं वाचायचा साधा चष्मा हवाय ते लोक. ऑपरेशन नाही, औषध नाही. त्यामुळे पहिलीच मोहीम असेल आणि हाताशी मोठं हॉस्पिटल नसेल तर माझं मत सरळ आहे, चाळिशीवाले घ्या.

बाकीचे गट असे, आणि प्रत्येकाला वेगळं बोलावं लागतं:

डायबेटिसवाले. यांना नुसता तक्ता वाचायला लावून उपयोग नाही, डोळ्याचा मागचा पडदा बघावा लागतो, आणि तोही साधारण दरवर्षी. दिसायला सगळं ठीक असतं तेव्हाच आत बिघाड सुरू झालेला असू शकतो. तुमच्याकडे पडदा बघायची सोय नसेल तर या गटाला बोलावू नका.

शाळकरी मुलं. इथे बोलायचं पालकांशी. मूल स्वतः तक्रार करत नाही कारण बाकीच्यांना यापेक्षा जास्त दिसतं हे त्याला ठाऊकच नसतं. टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन बसणं, डोळे बारीक करून बघणं, मान तिरकी करणं, फळ्यावरचं शेजाऱ्याच्या वहीतून उतरवणं, ही लक्षणं सांगा. आळशी डोळा (एका डोळ्याची नजर लहानपणी नीट वाढतच नाही तो) साधारण ७ वर्षांच्या आत सापडला तर उपचारांचा गुण चांगला येतो, त्यामुळे वय स्पष्ट सांगा.

घरात कुणाला काचबिंदू आहे असे लोक. सुरुवातीला काहीच जाणवत नाही, कडेची नजर हळूहळू जाते आणि गेलेली परत येत नाही. यांच्यासाठी पण तक्ता पुरेसा नाही.

एका मोहिमेत एक गट. फार तर दोन, पण मग दोन वेगळे संदेश.

टप्पा ३: कुणाला काय दिसत नाही त्यावरून माध्यम ठरवा

हा टप्पा लोक चक्क उडवूनच टाकतात. तुम्ही ज्याला बोलावताय त्याला नीट दिसत नाही, आणि त्याला तुम्ही हे सांगताय बारीक अक्षरांतल्या पत्रकातून! मी एक पोस्टर बघितलं होतं, पांढऱ्यावर फिकट पिवळ्या अक्षरांत फोन नंबर, तोही अगदी खालच्या कोपऱ्यात. माझी नजर चांगली आहे तरी मला फोनमध्ये फोटो काढून मोठा करून बघावा लागला.

तर असं बघा. चाळिशी लागलेल्या माणसाला लांबचं बहुतेक वेळा ठीक दिसतं, म्हणजे होर्डिंग, बसच्या पाठीवरची जाहिरात, टीव्ही चालेल, पण पत्रक आणि पेपरातली छोटी जाहिरात चालणार नाही. लांबचा नंबर असलेल्याचं उलटं, त्याला होर्डिंग धूसर दिसणार पण मोबाईलवरचा मेसेज दिसेल. मोतीबिंदू असलेल्या वयस्कर माणसाला दोन्ही अवघड, तिथे रेडिओ, लाउडस्पीकरची गाडी, आणि फोनवर रेकॉर्ड केलेला आवाज. आणि खूपदा निर्णय त्या माणसाचा नसतोच, मुलगी किंवा सून फोन करते, म्हणून एक संदेश घरातल्या तरुणांसाठी ठेवा, जो मोबाईलवर फिरेल: "आई फोन लांब धरून वाचते का?"

छापील काही करणार असाल तर गडद अक्षरं फिक्या पार्श्वभूमीवर, फोन नंबर सगळ्यात मोठा, फोटोवर अक्षरं अजिबात नाहीत.

चेतावणी: मेसेजमध्ये सगळी माहिती चित्रात टाकून पाठवू नका. फोनमधलं जे ॲप मजकूर मोठ्याने वाचून दाखवतं त्याला चित्रातली अक्षरं नीट वाचता येतीलच असं नाही. पत्ता आणि वेळ साध्या मजकुरात पण लिहा.

टप्पा ४: संदेश लिहा, आणि सजावट काढून टाका

संदेशात सहा गोष्टी लागतात. कोणासाठी, काय करायचं, कुठे, कधी, पैसे किती, बरोबर काय आणायचं. यातली एक जरी राहिली तरी त्यासाठी फोन येतो, आणि फोन लागला नाही की माणूस गेला.

रेडिओच्या ३० सेकंदांत साधारण ६० शब्द बसतात, त्याहून जास्त कोंबले की निवेदक धावत सुटतो. वाईट नमुना आधी:

"डोळे म्हणजे निसर्गाची अमूल्य देणगी. आजच्या धावपळीच्या जीवनात आपण डोळ्यांकडे दुर्लक्ष करतो. चला, डोळ्यांची काळजी घेऊया, आजच तपासणी करूया!"

यात करायचं काय ते कुठेच नाही. आता हा:

"फोनवरचा मेसेज वाचताना हात लांब करावा लागतो? सुईत दोरा जात नाही? वय चाळीसच्या पुढे असेल तर बहुतेक जवळचा नंबर लागलाय, दहा मिनिटांत कळतं. येत्या मंगळवारी आणि बुधवारी, सकाळी दहा ते चार, अमुक ठिकाणी या. तपासणी मोफत, चष्म्याचे पैसे वेगळे. जुना चष्मा असेल तर आणा. वेळ ठरवायला फोन करा..." आणि मग नंबर, दोन-दोन आकडे सोडून, सावकाश, दोनदा. स्पॉट ४० सेकंदांचा झाला तरी चालेल पण नंबर दोनदाच.

"मोफत" या शब्दावरून सगळ्यात जास्त भांडणं होतात. तपासणी मोफत आणि चष्मा विकत असेल तर ते जाहिरातीतच सांगा, टेबलावर सांगितलं की लोकांना फसवल्यासारखं वाटतं आणि बरोबरच आहे त्यांचं.

घाबरवायचं का? "तपासलं नाही तर आंधळे व्हाल" हे चाळिशीवाल्याला सांगणं तर खोटंच आहे. काचबिंदू आणि डायबेटिसच्या बाबतीत धोका खरा आहे, तिथे सांगायलाच हवं, पण त्याच दमात सोपा उपाय आणि जागा सांगा. नुसती भीती घातली की माणूस चॅनेल बदलतो, कारण वाईट बातमी कळूच नये असं त्याला वाटतं. कामाच्या भाषेत सांगितलेलं जास्त पोचतं. आसामच्या चहामळ्यांत ४० च्या पुढच्या पानं खुडणाऱ्यांना जवळचा चष्मा दिल्यावर त्यांचं काम साधारण पाचव्या हिश्श्याने वाढलं, हा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. शिवणकाम, दुरुस्ती, हिशेब, निवडणं-टिपणं करणाऱ्यांना "काम पटापट होईल" हे लगेच कळतं.

डोळ्यात थेंब टाकून बाहुली मोठी करणार असाल तर तेही आधीच सांगा. नंतर काही तास धूसर दिसतं, उजेड सहन होत नाही, स्वतः गाडी चालवून घरी जाता येत नाही, सोबत कुणीतरी लागतं. हे न सांगता बोलावलं आणि माणूस एकटा गाडी घेऊन आला तर एक तर तो तपासणी न करता जाणार नाहीतर धोक्यात जाणार.

चेतावणी: काही गोष्टींसाठी तुमच्या तपासणीच्या तारखेची वाट बघायची नसते. अचानक दिसेनासं होणं, डोळ्यापुढे पडदा सरकल्यासारखं वाटणं, एकदम चमका आणि काळे ठिपके वाढणं, डोळा लाल होऊन जोरात दुखणं, डोळ्यात केमिकल जाणं (आधी भरपूर पाण्याने धुवायचं, मग निघायचं). लहान मुलाच्या फोटोत एका डोळ्याची बाहुली पांढरी चमकत असेल तरी लगेच डॉक्टरकडे. ही यादी फोन उचलणाऱ्याच्या समोर चिकटवून ठेवा, म्हणजे तो अशा माणसाला "मंगळवारी या" म्हणणार नाही.

टप्पा ५: "घरबसल्या टेस्ट" द्यायची असेल तर मापं घ्या

लोकांना ही टेस्ट फार आवडते, आणि तिच्यात चुकाही तेवढ्याच होतात.

पहिली चूक दोन्ही डोळे उघडे ठेवून टेस्ट. एक डोळा अधू असेल तर दुसरा त्याचं काम ओढत असतो, माणसाला वर्षानुवर्षं पत्ता नसतो. म्हणून एकेक डोळा, तळहाताने झाकायचा, बोटांनी दाबायचा नाही (दाबला की नंतर तोच डोळा थोडा वेळ धूसर बघतो), चष्मा असेल तर घालून.

दुसरी चूक माप. ६ मीटरवरून वाचायच्या ६/६ च्या, म्हणजे चांगल्या नजरेच्या, ओळीतलं अक्षर साधारण ८.७ मिमी उंच असतं. तेच अक्षर ३ मीटरवर आणलं की ती ६/१२ ची, म्हणजे बरीच सोपी, ओळ होते. आता हा तक्ता चित्र म्हणून फॉरवर्ड केला की एकाच्या फोनवर तो केवढासा आणि दुसऱ्याच्या लॅपटॉपवर केवढा मोठा, मग टेस्ट कसली झाली? स्क्रीनवर द्यायचीच असेल तर शेजारी एक रेघ द्या आणि सांगा की चित्र लहानमोठं करून ही रेघ बँकेच्या कार्डाच्या लांबीएवढी करा. कार्ड ८५.६ मिमी असतं, सगळीकडे तेवढंच. पेपरात छापणार असाल तर पान जुळवताना जाहिरात ९५ टक्के करून बसवतात आणि कुणी सांगत नाही, म्हणून छापील प्रूफ मागवून पट्टीने मोजा. फोनवर "हो हो बरोबर आहे" ऐकून सोडू नका.

अक्षरं नेहमीच्या फॉन्टमधली घेऊ नका, काही सोपी असतात काही अवघड. तीन फाट्यांचं इंग्रजी ई वर-खाली-डावी-उजवीकडे वळवून वापरतात तेच घ्या, न वाचता येणाऱ्यालाही फाटे कुठे आहेत ते हाताने दाखवता येतं. प्रत्येक फाट्याची जाडी उंचीच्या पाचव्या हिश्श्याएवढी, म्हणजे ८.७ मिमीला साधारण पावणेदोन मिमी.

जवळच्या नजरेसाठी पेपरात वेगळं काही छापायची गरजच नाही. पेपरची रोजची अक्षरं हीच टेस्ट. "ही बातमी डोळ्यांपासून ४० सेंटिमीटरवर धरून वाचता येते का? हात लांब जातोय का?" एवढी ओळ मोठ्या अक्षरांत टाकली की झालं. हे करताना वाचनाचा चष्मा काढून ठेवायला मात्र सांगू नका. चष्मा घालूनही वाचता येत नसेल तर नंबर बदललाय, तोही माणूस आपल्याला हवाच आहे.

मोबाईलवर पाठवायचं असेल तर स्वतः काही बनवण्यापेक्षा जागतिक आरोग्य संघटनेचं डब्ल्यूएचओआयज (WHOeyes) हे मोफत ॲप आहे, लांबची आणि जवळची दोन्ही नजर बघतं, त्याकडे पाठवा.

रेडिओवर आरजे, म्हणजे कार्यक्रमाचा निवेदक, "आत्ता एक डोळा झाका बघू" म्हणणार असेल तर त्याच्या आधी, नंतर नाही, "गाडी चालवत असाल तर हे करू नका" हे वाक्य हवं. बरेच श्रोते स्टिअरिंगवर असतात.

चेतावणी: "हे वाचता आलं म्हणजे तुमचे डोळे उत्तम" असं कधीही लिहू नका. काचबिंदू असलेला माणूस शेवटची ओळ धडाधड वाचून दाखवू शकतो. लिहायचं असं, "वाचता आलं नाही तर लवकर या. आलं, तरी डायबेटिस असेल, वय ४० च्या पुढे असेल किंवा घरात काचबिंदू असेल तर तपासणी चुकवू नका."

टप्पा ६: छापण्याआधी दहा जणांना दाखवा

ऑफिसातले दहा नाहीत, ज्या गटाला बोलावताय त्यातले दहा. स्पॉट एकदाच ऐकवायचा आणि विचारायचं: कुणासाठी आहे, कुठे जायचं, कधी, पैसे लागतात का? "कसा वाटला" हे विचारू नका, सगळे छान म्हणतात. दहातल्या तिघांना जागा सांगता आली नाही तर स्क्रिप्ट परत लिहा. एकदा आमच्या स्पॉटमधला "दृष्टिदोष" हा शब्द ऐकून एक काका म्हणाले, "नाही हो, मला नजर वगैरे लागलेली नाही." तेव्हापासून "नंबर" आणि "चाळिशी" हेच शब्द.

टप्पा ७: बातमीदार आणि आरजेंना कच्चा माल द्या

विकत घेतलेल्या स्पॉटपेक्षा आरजेने स्वतः तपासणी करून येऊन सांगितलेलं लोकांना जास्त पटतं, विशेषतः त्यालाच नंबर निघाला तर. प्रेस नोट एका पानाची, पहिल्या परिच्छेदात जागा-वेळ-फोन, पाहुण्यांची नावं सगळ्यात खाली. उद्घाटन कुणी केलं ही बातमी आली आणि पत्ता कापला गेला असं कितीदा होतं! डॉक्टर मुलाखतीला जाणार असतील तर त्यांना आधी बसवून तीनच वाक्यं ठरवा, नाहीतर अर्धा तास डोळ्याची रचना समजावण्यात जातो.

तारखेचं बघा. जागतिक दृष्टी दिन ऑक्टोबरच्या दुसऱ्या गुरुवारी असतो, त्या दिवशी सगळेच प्रेस नोट पाठवतात आणि तुमची छोटी मोहीम ढिगात जाते. तोच दिवस घ्यायचा असेल तर दोन-तीन आठवडे आधी बातमीदाराशी बोला. डायबेटिसवाल्यांसाठी १४ नोव्हेंबरचा मधुमेह दिन आणि काचबिंदूसाठी मार्चमधला काचबिंदू सप्ताह जास्त सोयीचा.

पेशंटचा फोटो किंवा गोष्ट वापरायची तर लेखी परवानगी, आणि कुठे कुठे दिसणार ते सांगून. चष्म्याच्या दुकानाने पैसे दिले असतील तर ते उघड लिहा.

टप्पा ८: एकदम नको, थोडं थोडं सोडा

पहिल्या आठवड्यात एकच माध्यम. किती फोन येतात बघा, टेबलावर गर्दी कशी होते बघा, मग दुसरं जोडा. रोजची क्षमता ६० असेल आणि पहिल्याच स्पॉटनंतर ९० नावं आली तर पुढचे स्पॉट दोन दिवस पुढे ढकला, तशी सोय स्लॉट बुक करतानाच बोलून ठेवा. स्पॉट वाजल्यानंतरच्या तासाभरात फोन सगळ्यात जास्त येतात, त्या तासाला दोन माणसं फोनवर बसवा. आणि शनिवार संध्याकाळ, ते तर वर सांगितलंच.

टप्पा ९: लाइक नाही, माणसं मोजा

जाहिरात सुरू व्हायच्या आधीचे दोन आठवडे रोज किती लोक येतात ते लिहून ठेवा, नाहीतर नंतर काय वाढलं हे कशाशी ताडून बघणार? प्रत्येक माध्यमाला वेगळा फोन नंबर द्या, ते जमत नसेल तर नोंदणीच्या कागदावर "कुठून कळलं" हा एक रकाना. "जाहिरातीतून" असं उत्तर लिहू नका, रेडिओ की पोस्टर की मुलीने सांगितलं ते विचारा.

मोजायच्या गोष्टी चार: फोन किती आले, प्रत्यक्ष किती आले, किती जणांना नंबर किंवा त्रास निघाला, आणि त्यातल्या किती जणांच्या नाकावर महिन्याभराने चष्मा होता किंवा कितीजण पुढच्या डॉक्टरपर्यंत पोचले. चौथा आकडा काढायला फोन करावे लागतात, कंटाळवाणं काम आहे, त्यामुळे बहुतेक जण तिसऱ्यावर थांबतात. पण पाठवलेले लोक पुढे पोचतच नाहीत हे कळायचा दुसरा मार्ग नाही.

तपासा: मिस्ड कॉलचे नंबर कुणाकडे आहेत, आणि मोहीम संपल्यावर ते चष्म्याच्या सेल्समनच्या हातात जाणार नाहीत ना.

टप्पा १०: मोहीम बंद करणं हे पण काम आहे

शेवटच्या दिवसानंतर पोस्टरं काढा, फोनवर "तपासणी संपली, आता इथे जा" असा रेकॉर्ड केलेला निरोप निदान दोन-तीन महिने चालू ठेवा. फॉरवर्ड झालेला मेसेज परत घेता येत नाही, म्हणून तो लिहितानाच त्यात तारीख आणि सालही टाका. नुसतं "येत्या मंगळवारी" लिहिलेला आमचा एक मेसेज आठ महिन्यांनी परत फिरायला लागला, आणि एका मंगळवारी सकाळी बंद दारापुढे ११ माणसं जुने चष्मे घेऊन उभी होती.